डोळ्याला दिसतं, हाताला उतरत नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी आपल्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. दर वेळी मी हप्ता, व्याज, बँकेची फाइल यांवर बोलते. आज वहीबद्दलच बोलणार आहे, पण गटाच्या वहीबद्दल नाही, आपल्या पोराबाळांच्या शाळेच्या वहीबद्दल.

मागच्या थिनिंगच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गटातल्या बाया द्राक्षबागेत घड विरळायला गेल्या होत्या. दुपारी भाकरी खायला सावलीला बसल्या, तेव्हा मी रजिस्टर घेऊन तिथंच गेले. सह्या घेता घेता एक जण म्हणाली, "ताई, माझ्या पोराला तोंडी विचारा, पाढे घडाघड सांगतो. गोष्ट सांगा, पुन्हा तशीच सांगतो. पण वही उघडली की नुसते कोंबडीचे पाय. फळ्यावरचं निम्मं उतरवतो, निम्मं सोडतो. गुरुजी म्हणतात आळशी आहे. त्याचा बाप म्हणतो मुद्दाम करतो. मला तर कळतच नाही."

दुसरी लगेच म्हणाली, "दोन द्या ठेवून, सरळ होईल."

मी गप्प बसले. कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. 'घ' काढायला सांगितला की 'ध' काढायचा, ओळ सोडून खाली घसरायचा, बेरजेचे आकडे एकाखाली एक यायचेच नाहीत, म्हणून उत्तर चुकायचं. शर्टाचं बटण लावायला त्याला पाच मिनिटं लागायची. एका संध्याकाळी दहाव्यांदा पान खोडलेलं पाहिलं आणि मी लाकडी पट्टी त्याच्या बोटांवर मारली. तो रडला नाही. म्हणाला, "आई, मला दिसतंय गं, पण हात ऐकत नाही."

बायांनो, मी बी. ए. शिकलेली. पण या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो लागावा म्हणून मी नंतर विचारत गेले, वाचत गेले. तेव्हा कळलं की मूल जे म्हणालं तेच डॉक्टर लोक म्हणतात. डोळे ठीक असतात, हातात ताकद असते, बुद्धीही असते. पण डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताच्या हालचालीत उतरवायचा, हा जो मधला जोड आहे, तो काही मुलांत कच्चा राहतो. याला दृष्टी आणि हालचाल यांच्या समन्वयाची अडचण म्हणतात. नाव जड आहे, म्हणून आपण आज त्याला 'डोळा-हात जुळणी' म्हणू.

ही जुळणी आपण रोज वापरतो. घडातले बारीक मणी कात्रीनं काढताना शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही, हे डोळा बघतो आणि हात करतो. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर विणणारी बाई समोरची नक्षी बघते, धागे मोजते आणि रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या फिरवत मोर उतरवते. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी पोर ठिपके मोजून रेघ वळवते. हे ज्याला सहज जमतं, त्याला वाटतं यात काय आहे? ज्याला जमत नाही, त्यालाच त्याची किंमत ठाऊक असते.

मग अशा मुलांना आधीच्या काळी कोणी समजून घेतलं का? आळशी, द्वाड, मठ्ठ यापलीकडे त्यांच्याकडे कोणी पाहिलं? हा इतिहास मला फार जवळचा वाटला, कारण त्यातला एक मोठा भाग आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगराला लागून घडला आहे. तोच आज सांगते.

सुरुवात आपल्या जुन्या शाळेपासून करू. पंतोजींच्या शाळेत मूल पहिलं अक्षर कागदावर काढत नसे. धूळपाटी असायची. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा माती पसरायची आणि त्यात बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. अक्षर मोठं, बोट मातीला घासतं, चुकीचा डाग उरत नाही. आज तज्ज्ञ अशा मुलांना वाळूत, रव्यात बोटानं अक्षर काढायला लावतात, तेव्हा मला ती धूळपाटी आठवते. आपल्याकडे सुंदर अक्षराचाही मोठा मान होता. समर्थ रामदासांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनावर लिहिला. पुढे कित्ता आला, वळणदार अक्षर हे हुशारीचं लक्षण ठरलं.

पण त्याच शाळेत छडीही होती. अक्षर चुकलं की हातावर छडी बसायची. म्हणजे ज्या हाताला आधीच वळण सापडत नाही, त्यालाच मार. कोणाचा हात का वळत नाही, हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. जे पोर मागे पडलं ते गुरं राखायला गेलं. मुलगी असेल तर ती शाळेत गेलेलीच नसायची, त्यामुळे तिची अडचण कोणाला दिसलीच नाही.

आता थोडं दूर, इटलीला जाऊ. मारिया मॉन्टेसरी यांचं नाव तुम्ही शहरातल्या बालवाड्यांच्या पाट्यांवर वाचलं असेल. त्या १८७० साली जन्मल्या आणि डॉक्टर झाल्या, त्या काळात तिथंही बाईनं डॉक्टर होणं अवघड होतं. त्यांनी सुरुवातीला मंद समजल्या गेलेल्या मुलांबरोबर काम केलं. त्यांच्या आधी सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी बरंच करून ठेवलं होतं. मॉन्टेसरीबाईंनी ते सगळं वाचून काढलं.

त्यांनी आपल्या पुस्तकात एक अनुभव लिहिला आहे. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातात ताकद होती, हात हलत होता, पण तिला शिवण येईना. रफूचा साधा टाका, सुई एकदा वर एकदा खाली, तेवढाही जमेना. बाईंनी तिला शिवणावरून उठवलं आणि कागदी पट्ट्यांची चटई विणायला बसवलं. उभ्या पट्ट्यांतून आडवी पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून न्यायची. मुलगी त्यात रमली. ती चटई नीट जमल्यावर बाईंनी तिला परत शिवणाकडे आणलं, तर तिला रफू करता येऊ लागलं होतं.

यावरून बाईंच्या लक्षात आलं की हाताला पुढचं काम सांगण्याआधी तीच हालचाल सोप्या, मोठ्या रूपात शिकवली पाहिजे. आपल्याकडे बांबूची टोपली विणणाऱ्या बायका पोरींना आधी जाड पट्ट्यांवरच बसवतात, बारीक काम नंतर देतात. तेच हे शहाणपण. पुढे १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी 'बालकांचं घर' उघडलं. तिथं खरखरीत कागदाची अक्षरं होती. मूल त्यांवर बोट फिरवायचं आणि पेन्सिल हातात येण्याआधी हाताला अक्षराची वाट ठाऊक व्हायची.

इकडे आपल्याकडे एक मोठा माणूस आपल्याच अक्षराबद्दल हळहळत होता. महात्मा गांधी. आत्मकथेत त्यांनी कबूल केलं आहे की शाळेत असताना त्यांनी अक्षराकडे लक्ष दिलं नाही आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत इतरांचं चांगलं अक्षर पाहून त्यांना लाज वाटली. तिथं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलांना लिहायला शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावं. आकार पाहून तो काढायला आला की अक्षर आपोआप चांगलं येईल. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आजही आपण तीन वर्षांच्या पोराला आधी 'अ आ इ' गिरवायला बसवतो.

आता येते आपल्या शेजारच्या दोन बायकांवर. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करायला गेल्या. गिजुभाईंनी मॉन्टेसरीबाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवायचं काम सुरू केलं होतं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मुलाला मारू नका, त्याला धाक आणि लालूच दाखवू नका, हे त्या काळात ही मंडळी ओरडून सांगत होती. ताराबाई पुढे मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार चालवलं. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. हे शिक्षण फक्त शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांपर्यंत पोचतंय. लाकडी, महागडी साधनं खेड्यातल्या मुलाला कोण देणार?

म्हणून १९४५ साली त्या समुद्राकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई १९१० च्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नाशिककर बायांनो, हे लक्षात ठेवा. अनुताईंच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आपल्या चांदवड तालुक्यातल्या खेड्यांत गेली. नंतर त्या पुण्याला हुजूरपागेत गेल्या आणि तिथून बोर्डीला.

बोर्डीत गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. मग या दोघींनी उलटं केलं. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीच मुलाच्या अंगणात नेली. वस्तीवर जायचं, मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो ती कल्पना या कामातून पुढे आली. १९५७ साली त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं वारली मुलं होती. ती दिवसभर गुरं राखायची. मग बाईंनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं जिथं चरतात तिथं शाळा. लहान भावंडाला सांभाळणारी मुलगीही शिकावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, तिला विकासवाडी म्हटलं.

माझ्या विषयाशी याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सांगते. त्यांनी महाग साधनं बाजूला ठेवली आणि रानातलं घेतलं. बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या. बिया निवडायच्या, खडे रांगेत लावायचे, पानं आकारानं जुळवायची. खेळता खेळता डोळा आणि हात एकमेकांशी बोलायला लागतात. 'डोळा-हात जुळणीची अडचण' हे नाव काही या बायकांनी वापरलं नव्हतं. पण मूल मागे पडलं तर दोष मुलात शोधायच्या आधी आपल्या शिकवण्यात शोधायचा, ही त्यांची रीत होती. मला त्यांच्याकडून हीच गोष्ट घ्यावीशी वाटते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. १९७५ च्या गांधीजयंतीला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आणखी एक गंमत बघा. ज्या वारली मुलांना कोसबाडला आकार शिकवले जात होते, त्यांच्या आया पिढ्यानपिढ्या लग्नाचा चौक भिंतीवर काढत आल्या होत्या. तांदळाच्या पिठानं. गोल, त्रिकोण, चौकोन, एवढ्यातून अख्खं गाव उभं करायचं. आपल्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या वारली घरांतही हा हात आहे. आता पुढचं ऐका, म्हणजे मी हे का म्हणाले ते कळेल.

तिकडे अमेरिकेत डॉक्टर मंडळी मुलांना आकार दाखवून ते उतरवायला सांगत होती. १९३८ साली लॉरेटा बेंडर या बाईंनी नऊ आकृत्यांची तपासणी तयार केली. १९६७ साली कीथ बीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं सोप्यापासून अवघडापर्यंत आकारांची एक माळच लावली. त्यातून असं दिसलं की जगभरातली मुलं आकार साधारण एकाच क्रमानं शिकतात. आधी उभी रेघ, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकची फुली, पाचव्याला चौकोन, त्यानंतर त्रिकोण, आणि तिरक्या रेघांचा शंकरपाळीसारखा आकार तर सातव्याच्या आसपास. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. एखाद-दुसरं वर्ष पुढेमागे होणं चालतं.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षर येत नाही म्हणून आजारी समजू नका. त्याच्या हाताची वेळच आलेली नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटं काढणंही पुष्कळ मुलांत असतं. दुसरी, मूल आठ वर्षांचं झालं, शाळेत नीट जातंय, तोंडी हुशार आहे, तरी चौकोनाचे कोपरे जुळत नाहीत, फळ्यावरचं उतरत नाही, तर ते वय वाढलं की आपोआप जाईल म्हणून बसून राहू नका.

याच काळात एक चूकही झाली, तीही सांगायला हवी. मारियान फ्रॉस्टिग नावाच्या बाई व्हिएन्नाहून अमेरिकेत गेल्या होत्या. त्यांनी १९६० च्या सुमारास अशा मुलांसाठी तपासणी आणि सरावाची पानं तयार केली. ठिपके जोडा, वाटेतून रेघ काढा, आकार शोधा. शाळाशाळांतून ही पानं भरून घेतली गेली. पण पुढच्या दशकात अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा दिसलं की पानं भरून मूल पानं भरण्यात तरबेज होतं, वाचन-लेखन मात्र त्यामुळे सुधारतंच असं नाही. त्यातून शिकायचं ते असं की जे काम जमायला हवं, त्याच कामाचे छोटे तुकडे करून सराव द्यायचा. मॉन्टेसरीबाईंची चटई रफूच्या उपयोगी पडली, कारण दोन्हींत हालचाल एकच होती. म्हणून बाजारात 'मेंदू तेज करणारी' महागडी पुस्तकं कोणी विकायला आलं तर बचतीचे पैसे त्यात घालू नका.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. अशा मुलांना मदत करणारा एक खास व्यवसाय आहे, ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. रोजची कामं, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं ज्याला जड जातं, त्याला ती जमवून देणारी माणसं. भारतात याचं शिक्षण सुरू केलं ते एका बाईनं. जन्मानं अमेरिकन, लग्नानं महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली आणि १९५२ साली देशपातळीवरची संघटना उभी राहिली. आज एखादी ताई दवाखान्यात आपल्या मुलाला मातीचा गोळा मळायला देते, तिच्या मागे हा इतिहास आहे.

कायदा मात्र हळूहळू आला. १९९६ पासून महाराष्ट्र सरकारनं शिकण्याच्या अडचणी असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. २००७ साली 'तारे जमीन पर' सिनेमा आला आणि घराघरांत लोक पहिल्यांदा म्हणाले, अरे, आपलाही असाच आहे की. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. लिहिण्याची अडचण आणि हालचालींच्या जुळणीची अडचण त्यातच मोडते. डॉक्टरांनी तपासून प्रमाणपत्र दिलं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशी मदत मिळू शकते. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आणि २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो कुठून? पालघरहून. म्हणजे ताराबाई-अनुताईंच्याच भागातून. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. डोळे, कान, हालचाल, वाढ आणि शिकण्याची अडचणही त्यांच्या यादीत आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डी. ई. आय. सी. नावाचं केंद्र असतं. तिथं जाण्याची चिठ्ठी पथकच देतं. माझ्या मुलाला मी असंच नेलं. पथक शाळेत आलं त्या दिवशी मी मजुरी बुडवली आणि त्याची वही घेऊन रांगेत उभी राहिले. नुसतं "लिहीत नाही" म्हणाले असते तर दोन मिनिटांत संपलं असतं. वही दाखवली, बटणाचं सांगितलं, चेंडू झेलता येत नाही हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं.

आधी डोळे तपासले. चष्म्याची गरज नव्हती. पण तुम्ही ही पायरी चुकवू नका. कित्येकदा चष्मा हेच उत्तर असतं. मग पुढची तपासणी झाली. मूल कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होतं का, हेही त्यांनी विचारलं, कारण अशा मुलांत ही अडचण जास्त दिसते. माझा आठव्या महिन्यात झालेला. हे ऐकून घरी कोणी "हिच्यामुळेच झालं" म्हणेल, तर त्यांना सांगा, यात आईचा दोष नाही. बाळाचा मेंदू आपल्या गतीनं जुळतो.

थेरपिस्ट ताईंनी मला जे सांगितलं आणि आम्ही घरी जे केलं, ते सांगते. लिहून घेतलंत तरी चालेल.

बसणं आधी. पाय लोंबकळत ठेवून, खाटेवर पालथं पडून लिहायला लावायचं नाही. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकले पाहिजेत आणि वही समोर स्थिर हवी. आम्ही जुना पाट पायाखाली घेतला.

अक्षर आधी मोठं. जमिनीवर ओल्या खडूनं, ताटातल्या रव्यात बोटानं, मग पाटीवर, मग वहीत. हात फिरताना तोंडानं बोलायचं. 'खाली ये, वळ, वर जा, आता डोक्यावर रेघ.' डोळ्याला जे हाताकडे पोचवता येत नाही, ते कानानं पोचतं.

चौकटीची वही घ्यायची. एका चौकटीत एक अक्षर, एका चौकटीत एक आकडा. माझ्या मुलाच्या बेरजा पहिल्याच आठवड्यात बरोबर यायला लागल्या. त्याला गणित येत होतं, आकडे रांगेत येत नव्हते, एवढंच.

फळ्यावरून उतरवणं कमी करायचं. गुरुजींना भेटून विनंती करा की त्याला पुस्तकातलं पान समोर द्यावं, पहिल्या बाकावर बसवावं आणि उत्तर तोंडी घ्यावं. बहुतेक गुरुजी समजून घेतात. न घेतले तर केंद्रप्रमुखांकडे आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे जा.

घरातली कामं द्या, मुलगा असो की मुलगी. शेंगा सोलणं, पुरी लाटणं, लसूण निवडणं, मणी ओवणं, पोळ्याला मातीचा बैल करणं, ठिपक्यांची रांगोळी. रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याच्या कलानं. कंटाळला की थांबायचं. हे अभ्यासाच्या बदल्यात नाही, अभ्यासाबरोबर करायचं. कात्री, बटण, बुटाची नाडी यांचा सराव त्याच वस्तूंवर द्यायचा.

आणि भावंडांशी, जावेच्या मुलाशी तुलना बंद. माझ्या घरात ही सगळ्यात अवघड गोष्ट होती.

एक खास सांगणं मुलींबद्दल. मुलगा वही फाडतो, दंगा करतो, म्हणून त्याची तक्रार येते. मुलगी गप्प बसते, शेजारणीच्या वहीतून उशिरापर्यंत उतरवत राहते. मग सातवी-आठवीत "हिला अभ्यास झेपत नाही" म्हणून शाळा सुटते आणि पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं. आपल्या पोरींच्या बाबतीत इतिहास पुन्हा तिथं जायला नको. मुलींच्या वह्याही उघडून बघा.

आमच्या गटानं मागच्या बैठकीत एक ठराव केला. मुलाला तपासणीला जिल्ह्याला न्यायचं असेल तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यासाठी अंतर्गत कर्ज आधी द्यायचं, त्यावर चर्चा करत बसायचं नाही. शाळेत पथक कधी येणार ते आशाताई गटाला कळवणार आणि त्या दिवशी गटातली एक बाई आईबरोबर उभी राहणार. तुमच्या गटातही हा विषय घ्या. आरोग्याच्या सूत्राखाली बसतो तो.

ती थिनिंगवाली बाई पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन माझ्या घरी आली. माझ्या मुलानं आपली जुनी, खोडलेली वही काढून त्याला दाखवली. म्हणाला, "माझंपण असंच होतं." त्याचं अक्षर अजूनही काही सुंदर नाही, बायांनो. पण वाचता येतं. आणि ती लाकडी पट्टी आम्ही आता रेघा मारायलाच वापरतो.

वेळ संपत आली. कोणाच्या घरी असं मूल असेल तर पुढच्या बैठकीला त्याची वही घेऊन या. नमस्कार.